शीण आणि त्याची कारणे



गेल्या वर्षभरात दोन वेळा हे सदर आपल्या हाती पडले नाही, आणि त्या जागी "संपादकीय अडचणीमुळे" एवढाच खुलासा छापला गेला. कित्येकांनी आपुलकीने पत्रे लिहून विचारणा केली. ती अडचण म्हणजे माझी प्रकृती होय. स्वतःच्या दुखण्याविषयी लिहिणे मला आजवर संकोचाचे वाटत आले. परंतु ज्या घरांत हे मासिक वाचले जाते, त्यांपैकी काही घरांत असेच कोणी मुकाट्याने पडून असेल, या विचाराने तो संकोच आज बाजूला ठेवते.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात, येथे रायपूरला, मला ताप आला. त्या पावसाळ्यात तात्यापाऱ्यातील आमच्या गल्लीत घरटी एक माणूस तापाने पडले होते, तशीच मीही पडले. आठ दिवसांत ताप उतरला. शक्ती मात्र परत आली नाही. झोप झाली तरी सकाळी उठताना रात्रभर दळण दळल्यासारखे अंग जड होई. उभ्याने पोळ्या लाटताना डोळ्यांपुढे अंधारी येई. पूर्वी दिवसाला आठ-दहा पाने अनुवाद सहज होत असे. आता एकच परिच्छेद तीनदा वाचूनही त्याचा अर्थ हाती लागेना. अनुवाद हेच जिचे उपजीविकेचे साधन, तिला याहून मोठी भीती कोणती?

या दुखण्याची खरी खूण मला गणेशोत्सवात कळली. मुलांच्या वक्तृत्वस्पर्धेला परीक्षक म्हणून मी दोन तास बसले. त्या संध्याकाळी मला बरेच हुशारीचे वाटत होते, आणि "आता बरी झाले" असे मी घरी येऊन सांगितलेही. तिसऱ्या दिवशी केसांतून फणी फिरवण्यासाठी हात उचलवेना. पुढचे नऊ दिवस अंथरुणात गेले. श्रम केले त्या वेळी काही न वाटता एक-दोन दिवसांनी शरीर असे कोसळणे, हेच या व्याधीचे मुख्य लक्षण आहे, असे वैद्यकशास्त्र आज मानते. क्रॉनिक फटीग सिंड्रोम हे तिचे प्रचलित नाव. ते मला अपुरे वाटते, कारण थकवा विश्रांतीने जातो आणि हा जात नाही. आपल्या सुश्रुतसंहितेत परिश्रमांवाचून येणाऱ्या, धाप न लागता इंद्रियांचे काम अडवणाऱ्या शिणाला 'क्लम' असा वेगळा शब्द योजलेला आहे. प्राचीनांना हीच व्याधी ठाऊक होती असा दावा मी करणार नाही. श्रमाचा थकवा आणि श्रमावाचूनचा शीण यांत त्यांनी भेद केला होता, इतकेच म्हणते.

दुखणे लांबले की कारणांचा सुकाळ होतो. सासूबाईंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. शेजारच्या काकूंनी रक्त कमी असल्याचा निर्वाळा देऊन बीट आणि खारकांची रीघ लावली. "वहिनी, पहाटे उठून तळ्याला चार फेऱ्या मारा, सगळे ठीक होईल," असे धाकट्या दिरांनी सुचवले. एका डॉक्टरांनी माझे सर्व अहवाल नीट पाहिले. रक्त, साखर, थायरॉइड, क्षय, आणि या प्रदेशात आवर्जून करावयाची सिकलसेलची तपासणी, यांत काहीच सापडले नाही. तेव्हा ते म्हणाले, "बाई, संसारात मन रमवा." सर्वांत कठोर उपपत्ती माझी स्वतःचीच होती. मी आळशी झाले आहे, असे मला वाटू लागले होते.

टिळकांच्या 'गीतारहस्या'चा हिंदी अनुवाद करणारे माधवराव सप्रे याच रायपुरात राहत होते. त्यांच्या गावात अनुवादाचे काम करणारीने कोणतेही विधान पारखल्याशिवाय स्वीकारू नये, असे मी मनाशी ठरवले. दिवसाकाठी पंधरा-वीस मिनिटे, पडल्या पडल्या, मी या व्याधीचा इतिहास वाचू लागले.

जुलै १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलात जवळजवळ तीनशे कर्मचारी एकामागून एक आजारी पडले. रुग्णालय दोन महिन्यांहून अधिक काळ बंद ठेवावे लागले. पुढे या विकाराला स्नायूंच्या वेदना आणि मेंदू-मज्जारज्जूचा दाह सुचवणारे मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस हे लांबलचक नाव मिळाले, आणि १९६९ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याची नोंद मज्जासंस्थेच्या विकारांत केली. परंतु १९७० साली दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुनी कागदपत्रे चाळून असे मत मांडले की, हा सामूहिक उन्माद असावा. आजारी पडलेल्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती, हे त्यांच्या आधारांपैकी एक. एकाही रुग्णाला त्यांनी तपासले नव्हते! तरीही त्या मताची छाया या व्याधीवर अनेक वर्षे राहिली. १९८८ मध्ये अमेरिकेत 'फटीग' हे सौम्य नाव रूढ झाल्यावर तर, "थकवा कोणाला येत नाही?" असे म्हणणे अधिकच सोपे झाले.

दुसऱ्या टोकाचा उतावीळपणाही घडला. २००९ साली एका प्रख्यात नियतकालिकात या रुग्णांच्या रक्तात एक विशिष्ट विषाणू सापडल्याचे प्रसिद्ध झाले. जगभरच्या रुग्णांना हायसे वाटले. तो विषाणू प्रयोगशाळेतील दूषित नमुन्यांतून आला होता असे पुढे आढळले, आणि २०११ मध्ये तो निबंध मागे घेण्यात आला. त्याच वर्षी क्रमाक्रमाने व्यायाम वाढवल्यास रुग्ण सुधारतात, असे सांगणारी एक मोठी चाचणी ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या पद्धतीवर पुष्कळ आक्षेप आले, आणि २०२१ साली तेथील अधिकृत मार्गदर्शिकेने तशा वाढत्या व्यायामाचा उपचार देऊ नये असे स्पष्ट केले.

मग खरे कारण कोणते? ते अद्याप निश्चित झालेले नाही. तथापि काही धागे हाती आले आहेत. ऑस्ट्रेलियात डब्बो या गावी तीन वेगवेगळ्या संसर्गांच्या २५३ रुग्णांची पाहणी करण्यात आली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांनंतर सुमारे ११ टक्के रुग्णांना ही व्याधी जडली होती. कोणाला जडेल, याचा अंदाज मूळ आजाराच्या तीव्रतेवरून बांधता येत होता, आधीच्या मानसिक स्थितीवरून नव्हे. कोविडच्या साथीनंतर अनेकांत हेच चित्र दिसल्याने या संशोधनाला आता वेग आला आहे.

आता आपल्या जवळचे उदाहरण सांगते, कारण त्याने मला अधिक विचारात पाडले. गोव्यात १८ ते ५० वर्षांच्या सुमारे अडीच हजार स्त्रियांची एक पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १२ टक्के स्त्रियांनी सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ थकवा असल्याचे सांगितले. त्या थकव्याचा रक्तातील हिमोग्लोबिनशी संबंध आढळला नाही. तो आढळला घरातील कर्ज, उपासमार, पतीकडून होणारी जबरदस्ती आणि मनाची खिन्नता यांच्याशी.

हे वाचून मी प्रथम नाराज झाले. माझ्या मनात आले, "पाहा, सगळे मनाचेच खेळ," असे म्हणणाऱ्यांच्या हाती हे कोलीतच मिळाले. पुन्हा वाचल्यावर माझी चूक कळली. ती पाहणी थकव्याच्या तक्रारीची होती, या विशिष्ट व्याधीची नव्हती. तिने जे सांगितले तेही लहान नाही. एकाच शब्दात अनेक दुःखे दडलेली असतात. एकीला पोटभर अन्न हवे असते, दुसरीला घरात सुरक्षितता, तिसरीला औषध, आणि माझ्यासारखीला विश्रांती. या सर्वजणींना आपण आजवर एकाच वाक्याने वाटेला लावत आलो.

म्हणून कोणतेही कारण पुढे आले की, "हे खरे असते तर काय दिसले असते?" असा प्रश्न मी विचारू लागले. रक्त कमी असते तर तपासणीत दिसले असते. मी आळशी असते, तर ज्या कामावर माझे प्रेम आहे त्याच कामानंतर कोसळले नसते. खिन्न माणसाला बहुधा इच्छाच उरत नाही. मला तर इच्छा उदंड आहे, शरीर तेवढे साथ देत नाही. अर्थात दीर्घ आजाराने खिन्नताही येते, मलाही आली, आणि तिच्यावर उपचार घेण्यात कमीपणा नाही. मात्र परिणामाला कारण समजू नये.

या व्याधीवर रामबाण औषध नाही. तसे कोणी विकू लागल्यास पैसे जपून ठेवावेत. उपयोग झाला तो काटकसरीचा. महिन्याचा पगार जसा आपण पुरवून वापरतो, तशी शक्ती वापरावी लागते. मी भाजी बसून चिरते. स्नान आणि लेखन एका सकाळी करीत नाही. बरे वाटते त्या दिवशी तर मुद्दाम हात आखडता घेते, कारण फसगत त्याच दिवशी होते. दमण्यापूर्वीच पडते, दमल्यावर नव्हे. मी पूर्ण बरी झालेली नाही, पण नऊ-नऊ दिवसांची अंथरुणे आता क्वचित येतात.

यात घरच्यांचा वाटा मोठा आहे. दिरांनी तळ्याच्या फेऱ्यांचा विषय सोडला, आणि आता बाजारहाट तेच करतात. सासूबाईंनी अमावास्येची दृष्ट सोडलेली नाही, आणि मीही त्यांना अडवत नाही. पण रोज अकरा वाजता त्या माझ्या खोलीचे दार लोटून घेतात. मागे एकदा कोणी पाहुण्या म्हणाल्या, "सून दिवसाढवळ्या झोपते वाटते?" आतून मला सासूबाईंचे उत्तर ऐकू आले, "झोपत नाही, औषध घेते आहे." त्या दिवशी मला जे बळ मिळाले, ते कोणत्याही खारकांनी मिळाले नव्हते.

वाचकहो, हा लेख लिहिण्यास मला अकरा दिवस लागले. आपल्या घरात कोणी "मला शीण आला आहे" असे वारंवार म्हणत असेल, तर कारण सांगण्याची घाई करू नका. आधी विचारा, "केव्हापासून? आणि काम केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कसे वाटते?" उत्तर शेवटपर्यंत ऐका, आणि तेच शब्द घेऊन त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे जा. आपली पत्रे मला जरूर येऊ द्यात. उत्तरास उशीर झाला, तर कारण आता आपणांस ठाऊक आहे.