झाड बोधीचे की भेंडीचे?



चाळीच्या अंगणात न लावता उगवलेले झाड पुरुषभर वाढले की वाद सुरू होतो. आमच्या भाईंदर परिसरातील असाच एक वाद कानी आला. पान हृदयाच्या आकाराचे. तरुण मंडळी म्हणतात, "हा बोधिवृक्ष! वर्गणी काढून पार बांधू." वडीलधाऱ्या बाया म्हणतात, "पिंपळावर मुंजा असतो, तोडून टाका." झाड कोणते, हे मात्र कोणीच नीट पाहिलेले नाही.

ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, एवढ्यावरून मानू नका, असे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले. तोच नियम झाडालाही लावू या.

पिंपळाच्या पानाला शेपटीसारखे लांब टोक असते. देठ मोडला की पांढरा चीक येतो (चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये, हात धुवावेत). कोवळी पालवी तांबूस असते. पिंपळाचे फूल बाहेर दिसत नाही, ते फळाच्या आत असते. पानांच्या बेचक्यात बारीक फळे धरतात, ती पिकली की जांभळट होतात.

आपल्याकडे खाडीकाठी आणि समुद्रकाठी भेंडीचे झाडही पुष्कळ. त्याला पारोसा पिंपळ म्हणतात, पण ते जास्वंद-कापसाच्या कुळातले. पान तसेच हृदयाकार, परंतु टोक आखूड. देठातून पांढरा चीक येत नाही. फूल मोठे, पिवळे, आत गडद लाल. सुकताना ते लालसर होते.

झाड भेंडीचे निघाले तर निराश होऊ नये. सावली तीही देते. फक्त त्याला बोधिवृक्ष म्हणू नये.

पिंपळ निघाला तर? बुद्धगयेचा जुना वृक्ष १८७६ साली कोसळला व १८८१ साली कनिंगहॅम यांनी तेथे नवे रोप लावले. संघमित्रेने श्रीलंकेत नेलेल्या फांदीचा वृक्ष अनुराधपुरास आहे. त्याच्या फांद्या भदन्त आनंद कौसल्यायन यांनी आणल्या, त्यांचा वृक्ष नागपूरच्या दीक्षाभूमीवर आहे. आपल्या अंगणातला पिंपळ बहुधा पाखराच्या विष्ठेतून आलेला. जात तीच, म्हणून आदर जरूर करावा. पण त्याला दोरे गुंडाळणे, नवस बोलणे हे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपण मागे टाकले. ते बोधिवृक्षाच्या नावाने पुन्हा घरात आणू नये. आणि मुंज्याच्या भीतीने कुऱ्हाडही उचलू नये.

खरी काळजी मुळांची. भिंतीत किंवा शौचालयाच्या टाकीजवळ उगवलेले रोप लहान असतानाच काढून मोकळ्या जागी लावावे. झाड मोठे झाले असेल तर महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय झाड तोडणे गुन्हा आहे.

तेव्हा पार बांधण्याआधी मुलांना सोबत घेऊन एक पान खुडून पाहा. वर्गणीचा विचार नंतर करावा. त्यातून चार मुलांची वह्या-पुस्तके आली, तर आम्हांस अधिक आनंद होईल.

नमो बुद्धाय!