पाणी गेलं असेल

‘पाणी गेलं असेल.’

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर हे तीन शब्द ऐकले नाहीत असा बाईकवाला कोकणात सोडा, आमच्या दुष्काळी जालना जिल्ह्यातही सापडायचा नाही. या तीन शब्दांत निदान आहे, निकाल आहे आणि दंडही आहे. पाणी गेलं म्हणजे चूक तुमची. चूक तुमची म्हणजे वॉरंटी नाही. वॉरंटी नाही म्हणजे बिल तुमचं. पुढचा टोकन नंबर.

माझं म्हणणं एवढंच आहे की पाऊस हा अपघात नाही. ज्या देशात वर्षातले चार महिने पाऊस धरूनच चालावं लागतं, त्या देशात रस्त्यावर चालवायला म्हणून विकलेली गाडी पावसात भिजली तर तो तिचा वापर झाला, गैरवापर नव्हे. भिजल्यामुळे ती बिघडत असेल तर बिघाड गाडीत आहे, माझ्यात नाही.

मागच्या पावसाळ्यात माझी सेकंड शिफ्ट होती. रात्री साडेअकराच्या सुमारास जालन्याच्या एमआयडीसीतून निघालो, अंबडच्या रस्त्याला लागलो. पाऊस काही आभाळ फाटल्यासारखा नव्हता. दोन दिवसांची झड होती. एका ठिकाणी शेतातलं पाणी रस्त्यावर आलेलं, जेमतेम घोट्याएवढं. ते ओलांडलं आणि शे-दोनशे फुटांवर गाडी बंद पडली. न्यूट्रलमध्ये सुरू होई, गिअर टाकला की बंद. मीटरवर साइड स्टँडचं लाल चिन्ह. स्टँड तर वर होता. मी पायानं चाचपून पाहिला, वाकून पाहिला, शेवटी एक लाथही घातली. गाडीचं मत बदललं नाही. तिच्या लेखी स्टँड खालीच होता आणि स्टँड खाली असताना मला जाऊ देणं तिला मंजूर नव्हतं.

फोन काढला तर ओल्या काचेवर बोट चालेना. पाण्याचा थेंबही त्या काचेला बोटासारखाच वाटतो, त्यामुळे भलतेच नंबर लागत होते. दोनेक किलोमीटर गाडी ढकलत पेट्रोलपंपापर्यंत आलो.

आता हा स्टँड सेन्सर म्हणजे काही वाईट गोष्ट नाही. स्टँड वर घ्यायचं विसरून निघालेला माणूस पहिल्याच वळणावर आपटतो, आणि अशा पडण्यानं माणसं दगावली आहेत. सेन्सर हवाच. प्रश्न तो कुठे बसवलाय हा आहे. गाडीच्या तळाशी, पुढच्या चाकाच्या मागे, चाक जिथे चिखल फेकतं बरोबर त्या जागी. आणि आमच्याकडचा चिखल म्हणजे काळ्या मातीचा. भोकरदनपासून घनसावंगीपर्यंत कुठेही शेतरस्त्याला गाडी घाला. ही माती मडगार्ड आणि टायरच्या मधे ठासून बसते, चाक फिरायचं थांबतं, काडी घेऊन उकरावं लागतं. ती वाळता वाळत नाही. आतला ओलावा धरून ठेवते, पोटिसासारखी. त्या पोटिसात हा सेन्सर आणि त्याच्या वायरी चार महिने बांधलेल्या असतात.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटर. गाडी दीड वर्षाची, वॉरंटीतली. ‘पाणी गेलं असेल.’ मी विचारलं, कुठे गेलं? ‘सेन्सरमध्ये, वायरिंगमध्ये, असंच.’ बिल १,८५० रुपये. वॉरंटीच्या पुस्तिकेतल्या एका बारीक ओळीवर बोट ठेवलं गेलं. पुस्तिका इंग्रजीत. मी पैसे दिले, कारण संध्याकाळी परत शिफ्ट होती. या धंद्याचं सगळं गणित त्या ‘कारण’वर उभं आहे. ज्याची गाडी बंद त्याची रोजी बंद, तो भांडत बसत नाही.

पंधरा दिवसांनी तोच बिघाड. या वेळी गावातल्या मिस्त्रीकडे गेलो. त्यानं सीटखालून वायरीचा माग काढत एक कपलर सोडवला. बोटाच्या पेराएवढी प्लॅस्टिकची जोडणी. आतल्या पिना हिरव्यागार. तांब्याच्या भांड्याला चढतो तसला कळंक. पुसलं, थोडं ग्रीस भरलं, जोडलं. गाडी चालू. म्हणजे १,८५० रुपये देऊन मी नवा सेन्सर जुन्याच कुजलेल्या कपलरला जोडून आणला होता.

सेन्सर हे थोडक्या विजेवर बोलणारं यंत्र आहे. बऱ्याच सेन्सरचा कारभार पाच व्होल्टच्या आत चालतो. मधे एवढासा कळंक चढला तरी त्याचा निरोप बदलतो आणि कंट्रोल युनिट तो बदललेला निरोप खरा मानतं. महागडं युनिट तेवढं बंदिस्त डबीत सुरक्षित असतं. दगा देतो तो काही रुपयांचा कपलर, ज्याची रबरी सील नीट बसलेली नसते किंवा ज्याचं तोंड वर करून ठेवलेलं असतं. वायरीवरून ओघळणारं पाणी आपसूक आत. वायर आधी खाली वळवून मग वर आणली तर पाणी त्या वळणावरून टपकून जातं. घरातल्या लाइटच्या फिटिंगलाही वायरमन हे करतो. त्याला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही.

इथे कुणीतरी म्हणणारच, जुन्या गाड्या बऱ्या होत्या. प्लग काढला, पँटीला पुसला, किक मारली, निघालो. वडिलांच्या पिढीचं हे आवडतं पुराण आहे आणि मला त्यात रस नाही. त्या गाड्या धूर ओकायच्या, ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला की आडव्या व्हायच्या. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं, ते चांगलंच झालं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं, तेही ठीक. २०२३ पासून गाडी स्वतःच्या प्रदूषणाच्या यंत्रणेवर स्वतः नजर ठेवायला लागली. पण यातलं काहीही आपण मागितलं नव्हतं. कायद्यानं आलं आणि किमतीत धरलं गेलं. इलेक्ट्रॉनिक्स सक्तीचं, त्याचे पैसे सक्तीचे, आणि ते पावसात टिकेल याची जबाबदारी मात्र ऐच्छिक? ज्यानं विकलं त्याच्यावर नाही, ज्यानं रेनकोट घालून चालवलं त्याच्यावर?

कंपनीची बाजू मला माहीत आहे. लोक गुडघाभर पाण्यात गाडी घालतात. हौसेच्या एलईडी लावायला वायरिंग कापतात आणि वर चिकटपट्टी गुंडाळतात. खरं आहे. तशा गाडीची वॉरंटी नाकारा, हरकत नाही. पुरात बुडालेल्या गाडीचा हिशोबही वेगळा. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात जे पाणी आलं, त्यात बुडालेली गाडी हा विम्याचा विषय आहे. (आणि आपल्यातल्या कित्येकांचा विमा निव्वळ थर्ड पार्टी असतो, ज्यात स्वतःच्या गाडीचा छदामही मिळत नाही, हे पुरानंतर कळतं. बुडालेली गाडी चालू होते का ते बघायला स्टार्टर मारू नका. बॅटरीची वायर काढा आणि ढकलत न्या.) पण रस्त्यावरचं घोट्याएवढं पाणी, दोन दिवसांची झड, अंगणात उघड्यावर उभी गाडी, यात कुठला गैरवापर? माझ्या गाडीला तर साधा जादा हॉर्नही नव्हता.

आणि गैरवापराचंच बोलायचं तर सर्व्हिस सेंटरच्या मागच्या अंगाला चला. तिथे प्रत्येक गाडी प्रेशरच्या पाण्यानं धुतात. नोझल इंजिनला, मीटरला, हँडलच्या बटणांना टेकवून. आकाशातला पाऊस कधी खालून वर, सीटखाली, कपलरच्या सीलवर असा नेम धरून पडत नाही. ‘आयपी ६७’ हे अक्षर-आकडे तुम्ही फोनच्या जाहिरातीत पाहिले असतील. त्यातला सहा धुळीचा, सात पाण्याचा: एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटं. स्थिर पाण्यात. फवाऱ्याचा दाब त्यात येत नाही, त्याची चाचणी वेगळी असते. म्हणजे पाण्यात बुडूनही वाचलेला भाग वॉशिंगच्या रॅम्पवर मरू शकतो. तिथे गेलेल्या पाण्याचं बिल कुणाच्या नावावर फाडायचं?

फोनवाल्यांनी हाच खेळ आधी खेळून पाहिलाय. जाहिरातीत फोन पोहतो, वॉरंटीत मात्र पाण्याला भितो. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलला एक कोटी युरोंचा दंड केला, तो याचसाठी. पाण्यापासून संरक्षणाचे दावे दिशाभूल करणारे, आणि पाणी गेलं म्हणून दुरुस्ती नाकारणं हेही चुकीचं. जून २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियात सॅमसंगला १.४ कोटी डॉलरचा दंड झाला. फोन पोहण्याच्या तलावात, समुद्रात वापरता येईल असं जाहिरातींत दाखवलं होतं. बाईकच्या जाहिराती आठवा. धबधबा, ओला घाट, चाकाखालून उडणारं पाणी, संथ गतीत. जे दाखवून विकता तेच करून बिघडलं तर माझी चूक कशी?

आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये उत्पादनाच्या दायित्वाचं एक अख्खं प्रकरण आहे. रचनेतला दोष आणि अपुऱ्या सूचना, दोन्ही त्यात येतात. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. जालन्याच्या माणसाला पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकिलाची सक्ती नाही. आधी १९१५ वर फोन करता येतो. तरी आपण जात नाही, कारण हातात कागद नसतो. ‘पाणी गेलं असेल’ हे तोंडी असतं. मुद्दाम तोंडी असतं.

म्हणून ते लिहून मागा. जॉब कार्डवर. कोणत्या भागात पाणी गेलं, कुठल्या वाटेनं गेलं, त्या भागाचा फोटो. काढलेला जुना भाग परत मागा. पैसे तुम्ही दिलेत, भंगार का असेना, तुमचा आहे. मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा हे केलं. हिरव्या पिनांचा फोटो दाखवला आणि म्हटलं, ‘दादा, “गेलं असेल” नको, “गेलं आहे” असं लिहा आणि खाली सही करा.’ काउंटरवरचा मुलगा माझ्याच वयाचा, बहुधा माझ्याइतक्याच पगाराचा. तो आत गेला, बराच वेळ आला नाही. आला तेव्हा म्हणाला, साहेब म्हणतात या वेळी वॉरंटीत बसवू. सही कुणीच केली नाही.

गाडी वाचवायचं म्हणाल तर माझ्या मिस्त्रीचे उपाय स्वस्त आहेत. जूनच्या आधी सीटखालचे, हेडलाइटमागचे आणि स्टँडजवळचे कपलर सोडवून, कोरडे करून, त्यांच्या सीलवर डायलेक्ट्रिक ग्रीस लावून परत जोडायचे. मुंगीएवढं, थापायचं नाही. चाकाजवळच्या एबीएस सेन्सरवरची माती ओली असतानाच बादलीच्या पाण्यानं काढायची. भिजलेल्या गाडीवर लगेच प्लॅस्टिकचं कव्हर ओढायचं नाही, आत वाफ कोंडते. आधी वारा लागू द्यायचा. आणि बंद पडणारा सेन्सर वायर जोडून कायमचा बायपास करून द्यायला कुणीही तयार असतो, ते करू नका. त्या रात्री पंपावरचा पोऱ्यासुद्धा तयार होता.

पण हे उपाय सांगताना मला दर वेळी राग येतो. समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून जातो, त्यावर टू-व्हीलरला बंदी. आमच्या वाट्याला खड्ड्यांचे, पाणी साचणारे जुने रस्ते. त्यावरून पहाटे दूधवाला जातो, आशाताई जाते, सळईच्या कारखान्यातला कामगार तिसरी पाळी संपवून येतो. यांनी ग्रीसची ट्यूब विकत घेऊन कपलर उघडत बसायचं, आणि ज्यानं तो कपलर बनवला त्यानं धबधब्याची जाहिरात करायची.

सर्व्हिसला गाडी लावताना मी आता जॉब कार्डवर स्वतःच्या हातानं ‘प्रेशर वॉशिंग करू नये’ असं लिहितो. मागच्या खेपेला तरी धुतलीच. फुकट होतं म्हणाले.