बटण बंद, यंत्र चालूच

पॉवर प्रेसमध्ये बोटे गेली की चौकशीचा कागद अनेकदा एकाच शब्दावर संपतो: निष्काळजीपणा. हा शब्द सोयीचा असतो. त्यामुळे यंत्राकडे कोणी पाहत नाही.

काम चालू असताना गार्ड बसवलेला असतो. अडकलेला पत्रा काढायचा, साचा बदलायचा, वंगण घालायचे, तर तोच गार्ड काढावा लागतो. बटण बंद केले तरी प्रेसचे जड फ्लायव्हील काही काळ फिरत राहते. त्यात साठलेली ऊर्जा एका ठोक्याला पुरते. सिलिंडरमध्ये हवेचा दाब उरतो, वर थांबलेला रॅम स्वतःच्या वजनाने खाली येऊ शकतो. धोका दिसल्यावर हात हलायलाच सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. वेगवान प्रेस तेवढी वाट पाहत नाही.

याहून साधे कारण म्हणजे दुसऱ्याचा हात. फिटर आत वाकलेला असतो आणि शिफ्ट बदलून आलेला माणूस बटण दाबतो. उपाय कुलपाचा आहे. मेन स्विच बंद करून त्याला काम करणाऱ्याचे स्वतःचे कुलूप, किल्ली त्याच्याच खिशात. दाब सोडायचा, रॅमखाली ठोकळा लावायचा, मग बटण दाबून यंत्र खरेच मेले आहे ना ते पाहायचे. चार माणसे असतील तर चार कुलपे. अमेरिकेत १९८९ मध्ये याचा स्वतंत्र नियमच झाला.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाना अधिनियमातील कलम २२ ने चालत्या यंत्राजवळच्या अशा कामाला खास प्रशिक्षित माणूस, वहीत त्याचे नाव आणि अंगाबरोबर बसणारे कपडे सांगितले. कपडे मालकाने द्यायचे. सैल बाही शाफ्टवर गुंडाळली की हात सुटत नाही, हे तेव्हाही ठाऊक होते. पण कंत्राटदाराने कालच आणलेल्या हेल्परचे नाव त्या वहीत कोण लिहिणार? लाइन दहा मिनिटे थांबली तर सुपरवायझरला जाब विचारतात, कुलपाबद्दल कोणी विचारत नाही. चौकशीने आधी विचारावे ते हेच: किल्ली कोणाच्या खिशात होती?

अपघात झालाच तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरावा. तुटलेले बोट सलाइनच्या ओल्या गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवून रुग्णाबरोबरच न्यावी. बोट थेट बर्फात टाकल्यास ऊती गोठतात आणि मग ते जोडणे अवघड होते.