घराच्या रेटिंगचा परवाना मोहल्ल्याला द्या

फ्रिज घ्यायला गेलं की आपण आधी तारे मोजतो. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने, म्हणजे बीईईने, २००६ मध्ये हे लेबल सुरू केलं आणि आज आपल्या अम्मीलाही ठाऊक आहे की जास्त तारे म्हणजे कमी बिल. पण तो फ्रिज ज्या खोलीत ठेवायचा, त्या खोलीला किती तारे? डिपॉझिट भरताना हे कुणी विचारत नाही, कारण उत्तर देणारंच कुणी नाही.

रेटिंग अस्तित्वात नाही असं नाही. बीईईकडे घरांसाठीसुद्धा एक ते पाच ताऱ्यांचं लेबल आहे. २०१८ च्या इको निवास संहितेने भिंती आणि खिडक्यांतून घरात किती उष्णता शिरावी याची मर्यादा घातली. पण लेबल ऐच्छिक आहे. २०२२ च्या दुरुस्तीने राहत्या इमारती ऊर्जा संवर्धन कायद्यात आल्या, त्याही १०० किलोवॅट जोडभाराच्या. चाळ, पत्र्याची खोली, गल्लीतली तीन मजली बिल्डिंग त्यात बसत नाही.

मग रेटिंगचा फायदा कुणाला? राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत हरित इमारतीचं रेटिंग घेणाऱ्या प्रकल्पाला ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआय मिळतो. बिल्डरला एफएसआय आणि होर्डिंगवर छापायला प्रमाणपत्र. भाडेकरूच्या हाती काय? काही नाही.

मी आयटीआय झालेला वायरमन आहे. एकाच बिल्डिंगमधल्या, एकाच मापाच्या खोल्यांमध्ये काम करतो. सर्वांत वरच्या मजल्यावर स्लॅब दिवसभर तापतो आणि पंखा रात्रभर गरम हवाच फिरवतो. भाडं कमी म्हणून गरीब कुटुंब वर राहतं आणि बिल मात्र खालच्यापेक्षा जास्त भरतं. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो. दिवसाला १८ तास चालला तर महिन्याला ४० युनिट. बीएलडीसी पंखा ३० वॅटचा असेल तर तेच काम १६ युनिटमध्ये होतं. दोन पंखे बदलले की ४८ युनिट वाचतात. १०० युनिट ओलांडले की महावितरणचा पुढचा दर किती चढतो, हे बिल भरणाऱ्याला सांगायला नको. हा हिशेब कुणीही करू शकतं. पण तो घरोघरी जाऊन करायचा अधिकृत माणूस नाही.

आता दुसरी बाजू बघा. भिवंडीत २००७ पासून आणि मालेगाव व मुंब्र्यात २०२० पासून वीज वितरण आणि वसुली खाजगी फ्रँचायझी कंपन्यांकडे आहे. वीजगळती आणि थकबाकी जास्त, म्हणून हा उपाय, असं सांगितलं गेलं. म्हणजे आपल्या वस्त्यांत बिल वसूल करायला सरकारला संस्था सापडली, करार झाला, अधिकार दिले. बिल कमी कसं करायचं हे सांगायला मात्र एकाही संस्थेला परवाना द्यावासा वाटला नाही. मला यात चूक दिसत नाही, प्राधान्यक्रम दिसतो.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. बीईई आणि राज्यातली तिची नियुक्त संस्था महाऊर्जा यांनी घराच्या रेटिंगचा प्रचार आणि प्राथमिक तपासणी करायला स्थानिक नोंदणीकृत संस्थांना परवाने द्यावेत. बचत गट, भाडेकरू संघ, मोहल्ला कमिटी, आयटीआय, सगळ्यांना अर्ज करता यावा. आज प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षक मोठ्या कारखान्यांसाठी आहेत. एका खोलीच्या घरासाठी इंजिनिअरच कशाला हवा? अहमदाबादच्या महिला हाउसिंग ट्रस्टने वस्तीतल्या बायकांनाच घरोघरी वीजवापर तपासायला शिकवलं. आपल्या बहिणींना हे जमणार नाही असं म्हणणाऱ्याने आधी त्यांचा महिन्याचा हिशेब बघावा.

काही जण म्हणतील, परवाने वाटले की दुकानं उघडतील. ही भीती खरी आहे. इंग्लंडमध्ये सरकार संस्थांना मान्यता देतं आणि त्या संस्थांचे तपासनीस घरांना ए ते जी श्रेणी देतात. तिथेच २०१३ मध्ये ग्रीन डील योजना आली. परवानाधारक सल्लागार, परवानाधारक कारागीर, वर कर्ज. सुमारे १४ हजार घरांनीच कर्ज घेतलं आणि २०१५ मध्ये सरकारने पैसे थांबवले. पण २०१८ पासून ई पेक्षा खालच्या श्रेणीचं घर नव्याने भाड्याने देता येत नाही, हा नियम आला तेव्हा घरमालकाला हालचाल करावी लागली. नुसता प्रचार पुरत नाही, त्यामागे नियम लागतो.

म्हणून अटीही मागू या. जो तारे देतो, त्याने पंखा, रंग किंवा सोलर पॅनेल विकू नये. बिल्डरकडून पैसे घेणाऱ्याला परवाना नको. तपासणीची फी ठरलेली आणि भिंतीवर लिहिलेली असावी. भाडेकरारात घराचं रेटिंग लिहिणं सक्तीचं व्हावं. जोडभाराची १०० किलोवॅटची मर्यादा कमी करायचा अधिकार कायद्याने राज्याला दिला आहे, तो वापरावा.

आणि हे नियम आपल्या लोकांनाही लागू. निवडणुकीआधी उगवणाऱ्या ‘समाजसेवकां’च्या संस्थांना परवाना मिळाला तर गच्चीला चुना लागण्याआधी लोकांना लागेल. हिशेब उघडे ठेवणाऱ्या संस्थेलाच तो मिळावा, मग तिचं नाव उर्दूत असो की मराठीत.

दोस्तांनो, आपल्या कमिटीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. बिल्डिंगमधल्या दहा घरांची बिलं मजल्याप्रमाणे मांडा, सर्वांत वरच्या मजल्याची वेगळी. तो कागद जोडून महाऊर्जाला अर्ज करा आणि पोच घ्या. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात विचारा की घरांच्या रेटिंगसाठी आपल्या शहरात कुणाला नेमलं आहे. वसुलीवाला दर महिन्याला दारात येतो. तपासणारा का येत नाही, याचं लेखी उत्तर आपल्याला मिळालं पाहिजे.