बरे झाल्यानंतरची राखण

स्तनकर्करोगाचे उपचार मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात पूर्ण करून कासा परिसरात परतलेल्या भगिनींनी किरणोपचाराची कागदपत्रे जपून ठेवावीत. डाव्या स्तनावरील किरणांचा काही अंश हृदयापर्यंत पोहोचू शकतो. स्वीडन व डेन्मार्कमधील रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार हृदयास मिळालेल्या किरणमात्रेच्या प्रत्येक ‘ग्रे’मागे गंभीर हृदयविकाराचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढतो आणि किमान २० वर्षे टिकतो. म्हणून धाप लागणे, छातीत दुखणे यांचे खापर वयावर फोडू नये. कासा उपजिल्हा रुग्णालयातील डॉक्टरांना ती कागदपत्रे दाखवून हृदयतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. इको तपासणीतील ‘स्ट्रेन’ मापन हृदयाची पंपशक्ती घटण्यापूर्वीच स्नायूंचा क्षीणपणा दाखवू शकते. किरणोपचारांनी जीव वाचतो. त्यांना भिऊ नये. वाचलेल्या जीवाची राखण मात्र वर्षानुवर्षे करावी.