सायलेन्सर रोलरखाली, रिमोट खिशात

फटाका सायलेन्सरवर कारवाई झाली की फोटो ठरलेला असतो. रस्त्यावर सायलेन्सरची रांग, त्यावर रोलर, बाजूला पोलिस अधिकारी. नागपूर-पुण्यापासून लहान शहरांपर्यंत हे चित्र आपण पाहिले आहे. बातमी वाचलीही जाते, म्हणून आम्हीही ती लावतो. पण बाजारात आता असे एक यंत्र मिळते की रोलरखाली टाकायला काही सापडतच नाही. त्याचे नाव एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कंट्रोलर. मूळ सायलेन्सर जागेवर, कंपनीचा शिक्का शाबूत आणि आवाज रिमोटच्या बटणावर.

पातुरात स्पोर्ट्स कार आहेतच किती, असे कुणी विचारेल. पण अकोला-वाशिम रस्ता पातूरवरूनच जातो, पुढे घाट आहे आणि समृद्धी महामार्ग शेजारच्या वाशिम जिल्ह्यातून जातो. महागडी गाडी दुसऱ्याची असली तरी आवाज आपल्याच घरात येतो. शिवाय याच यंत्राचा गरीब भाऊ, म्हणजे आतली जाळी काढलेला बुलेटचा सायलेन्सर, एमएच-३० पासिंगवाल्यांना काही नवा नाही.

व्हॉल्व्ह मुळात असतो कशाला?

सिलिंडरमध्ये इंधन जळाले की दाबातला वायू धक्क्याने बाहेर पडतो. चार सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन ३,००० आरपीएमवर असे सेकंदाला १०० धक्के देते. एक सिलिंडरची बुलेट त्याच आरपीएमवर २५ देते, म्हणून तिचा ठोका सुटा ऐकू येतो. सायलेन्सर हे धक्के आतल्या कप्प्यांत आणि छिद्रांच्या नळ्यांत फिरवून मवाळ करतो. अडचण मोठ्या इंजिनाची होते. पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर वायू इतका असतो की अरुंद वाट त्याला अडवते. म्हणून पोर्शे ९११ सारख्या गाड्यांत दोन वाटा देतात: एक वळणाची आणि शांत, दुसरी सरळ आणि मोठ्या आवाजाची. दुसरीच्या तोंडाशी एक फिरती झडप असते. ती कधी उघडायची हे गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, वेग आणि आरपीएम पाहून ठरवतो. झडप हलवायला छोटी मोटर असते, नाहीतर व्हॅक्यूमची नळी.

कंट्रोलर बसतो ईसीयू आणि झडपेच्या मधोमध. ईसीयू म्हणतो 'बंद', हा झडपेला सांगतो 'उघडी राहा', आणि चांगल्या प्रतीचा असेल तर ईसीयूला उलट कळवतो की सगळे ठीक आहे. जोडणी चुकली तर डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागतो आणि वॉरंटीचा वाद सुरू होतो. व्हॅक्यूमच्या बऱ्याच गाड्यांत तर नळी काढून तोंड बंद केले तरी झडप उघडी राहते, म्हणजे खर्च शून्य.

आता विकणारे सांगतात ते 'पॉवर वाढते' प्रकरण. जास्त आरपीएम आणि पूर्ण भार असताना, जिथे मोकळ्या वाटेचा उपयोग असतो, तिथे कंपनीने झडप आधीच उघडी ठेवलेली असते. मग कंट्रोलरने वाढते काय? सिग्नलवरचा, बाजारातला, रात्री गल्लीत शिरतानाचा आवाज. पैसे त्याचेच मोजलेले असतात. मात्र याच रिमोटला दुसरेही बटण आहे, झडप कायम बंद ठेवण्याचे. पहाटे गाडी काढताना शेजारी झोपलेले राहावेत म्हणून ते दाबणारा भेटला तर मी त्याला चहा पाजेन.

खरी मेख चाचणीत आहे. आपल्याकडे नव्या मॉडेलचा आवाज मोजताना गाडी ताशी ५० किमीने आणतात, पूर्ण ॲक्सिलरेटर देतात आणि ७.५ मीटरवरच्या मायक्रोफोनने मोजतात. पर्यावरण नियमांत कारसाठी ७४ डेसिबल आणि १७५ सीसीवरच्या मोटारसायकलसाठी ८० डेसिबल अशी मर्यादा घातली गेली. कार त्या चाचणीत पास होते, त्यात बंद झडपेचा वाटा मोठा असतो. ती जबरदस्तीने उघडली की प्रमाणपत्र मिळालेली गाडी आणि रस्त्यावरची गाडी या दोन वेगळ्या गाड्या झाल्या. डेसिबलचे गणितही फसवे आहे. १० ने आकडा वाढला की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ची मर्यादा ४५ डेसिबल आहे, हे सोबत ठेवून पाहा.

कायदा कमी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केले. कलम १८२-अ(४) खाली प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, आणि आवाजाचे मानक मोडल्यास कलम १९०(२) मध्ये पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने लायसन्स अपात्र. पण १८२-अ(४) मधला शब्द आहे 'वाहनमालक'. शटरमागे बसून हे बसवून देणारा त्या शब्दात येत नाही, आणि दहा पोरांचे दहा सायलेन्सर चेपले तरी त्याचे दुकान दुसऱ्या दिवशी उघडेच असते. आधी त्याच्यापर्यंत जायला हवे असे माझे मत आहे.

दुसरी गोष्ट, डोळ्यांनी पकडणे आता पुरणार नाही. नाकाबंदी दिसली की चालक बटण दाबेल आणि गाडी गाईसारखी गरीब होईल. पॅरिसमध्ये २०२२ मध्ये आवाज मोजून नंबरप्लेट टिपणारे यंत्र रस्त्यावर बसवले गेले. पातूरला ते लगेच येणार नाही आणि यायची गरजही नाही. आपल्याकडे उभ्या गाडीचा आवाज मोजायची भारतीय मानक पद्धत आहे, आयएस १०३९९. सायलेन्सरच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांत मायक्रोफोन धरायचा आणि ठरलेल्या आरपीएमवर आकडा घ्यायचा. आज पीयूसी केंद्रावर धूर तपासतात, आवाज नाही. त्याच केंद्रावर, त्याच पाच मिनिटांत हाही आकडा घेता येईल, आणि झडपेच्या गाडीचा दोनदा: एकदा बंद, एकदा उघडी ठेवून.