फोटो साफ आला, मग दम का लागतो?

वस्तीत एक्स-रेला कोणी एक्स-रे म्हणत नाही, छातीचा फोटो म्हणतात. आणि फोटो म्हटलं की त्यात सगळं दिसलंच पाहिजे, अशी समजूत होते. कळमेश्वर आणि आसपासच्या वस्त्यांत आम्ही आरोग्याचं काम करतो, तेव्हा हा प्रश्न हमखास येतो : "सिस्टर, फोटो तं साफ निघाला म्हणते डॉक्टर, मंग दम काऊन लागते?" विचारणारी बाई बहुतेक वेळा पंचवीस-तीस वर्षं चुलीच्या धुरात बसलेली असते, नाहीतर जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत राबलेली. घरचे म्हणतात, हिला काही झालं नाही, कामाचा कंटाळा आहे.

बाई खरं बोलते आणि फोटोही खोटा नाही. फक्त फोटोची नजर तेवढीच आहे.

१८९५ साली राँटगेन यांनी एक्स-रे शोधले. तेव्हापासून रीत एकच : किरण शरीरातून जातात, हाड ते जास्त शोषतं म्हणून पांढरं दिसतं, हवा जवळजवळ शोषत नाही म्हणून काळी दिसते. पण स्नायू, स्तनातली ग्रंथी आणि तिच्यातली गाठ हे सगळं किरण जवळजवळ सारखंच शोषतं. मग एकातून दुसरं वेगळं काढणं कठीण जातं.

आता भर उन्हात पाण्याच्या टाक्यात वाकून पाहा. पाणी नितळ असतं, तरी तळाशी चमकत्या रेघा हलताना दिसतात. पाण्याने ऊन फारसं शोषलेलं नसतं, लाटांनी ते वळवलेलं असतं. एक्स-रेही शरीरातून जाताना असेच वळतात, पण अगदी किंचित. ते वळणं पकडून चित्र काढायचं, या तंत्राला फेज कॉन्ट्रास्ट इमेजिंग म्हणतात. शोषणात न दिसणाऱ्या मऊ भागांच्या कडा त्यात उठून दिसतात.

हे हवेतलं बोलणं नाही. इटलीत त्रिएस्ते इथल्या संशोधन केंद्रात २००६ पासून या तंत्राने स्त्रियांच्या स्तनांची तपासणी झाली. जर्मनीत म्युनिकच्या तंत्रविद्यापीठाने याच तंत्राची 'डार्क-फील्ड' ही शाखा फुप्फुसाच्या रुग्णांवर वापरली, २०२१ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. निरोगी फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या किरण विखुरतात. त्या फाटल्या की विखुरणं कमी होतं, आणि ते चित्रात दिसतं. दम्यासारखा जुनाट आजार, ज्याला सीओपीडी म्हणतात, त्यात नेमक्या या पिशव्या खराब होऊ शकतात. साध्या फोटोत सुरुवातीला ते कळतही नाही. आमच्या चुलीपुढच्या बाईचा प्रश्न नेमका इथेच आहे.

आपल्या देशातही हे काम होतं. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ नावाचं, सुमारे १७२ मीटर घेराचं यंत्र आहे. तिथे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी असं चित्रण करणारी सोय उभारली. पण तिथे नमुने तपासतात. रुग्णाला पाठवायची ती जागा नाही. "आमच्याकडे नवीन फेजवाला एक्स-रे आहे" असं सांगून कोणी पैसे मागितले, तर देऊ नका.

ही दोन्ही केंद्रं सरकारी आहेत. माचिसच्या पेटीवर कर भरणाऱ्या बाईचाही पैसा त्यात आहे. म्हणून आमचं म्हणणं स्पष्ट आहे : हे तंत्र दवाखान्यात येईल तेव्हा ते आधी नागपूरच्या मेडिकल आणि मेयोमध्ये यावं. आमचा अनुभव असा की महाग यंत्र आधी खाजगीत लागतं, आणि आपल्या वाट्याला येते ती त्याची जाहिरात.

मात्र तोवर हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. फुप्फुसाची ताकद मोजायला स्पायरोमेट्री आहे, म्हणजे नळीत जोरात फुंकायची तपासणी. तिला ना किरण लागतात ना मोठं यंत्र. ही तपासणी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या दिवशी झालीच पाहिजे, यासाठी आपण निवेदन द्यायला हवं. स्तनात गाठ हाताला लागते आणि मॅमोग्राफी साफ आली, तरी थांबू नका. सोनोग्राफीचं विचारा, गरज पडली तर सुईने तुकडा काढून तपासतात. दोन आठवड्यांवर खोकला असेल, तर फोटो कसाही येवो, थुंकी तपासायला द्या. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते.

आणि हे वाचून कोणी फोटो काढायचंच टाळू नये. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के रुग्ण छातीचा फोटो काढला नसता तर निसटले असते. गरोदर बाईने मात्र फोटोआधी तसं सांगायचं, लाजायचं नाही.

जुने फोटो पलंगाखाली टाकून खराब करू नका. तारीख लिहून एका पिशवीत ठेवा आणि डॉक्टरकडे जाताना सोबत न्या. नवा फोटो साफ आहे की नाही, हे जुन्याशेजारी धरल्यावर जास्त नीट कळतं.